पायावरचा फोड

पिसू चावली की कातडीवर बारीक लाल ठिपका उठतो आणि खाज सुटते. हे डाग बहुधा घोट्याभोवती किंवा पोटरीवर असतात. ढेकूण रात्री अंथरुणात चावतो. त्याचे डाग मान, हात अशा उघड्या अंगावर, पुष्कळदा तीन-चार एका ओळीत. अर्थात नुसत्या डागावरून खात्री देता येत नाही. साबणाने धुवावे, गार पाण्याची पट्टी ठेवावी, नखे लावू नयेत, एवढे आपण मुलांना सांगतो आणि विसरतो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका डॉक्टरने मात्र अशाच एका खुणेवरून मोठे कोडे सोडवले.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा प्लेग उघडकीस आला. त्याचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता. पण तो अंगात शिरतो कसा? कोणी हवेला दोष देई, कोणी घाणीला. तपासणी पथके घराघरांत शिरून काखेत नि जांघेत गाठी चाचपत. पुण्यात १८९७ मध्ये त्यातून काय घडले ते आपण इतिहासात शिकवतोच.

त्याच वर्षी पास्तर संस्थेचे पॉल-लुई सिमाँ मुंबईत आले. काही रोग्यांच्या कातडीवर, बहुतेक वेळा पायावर, आजाराच्या सुरुवातीलाच एक लहानसा फोड त्यांना दिसला. त्यातल्या पाण्यात प्लेगचे जंतू होते! म्हणजे सगळे गाठ शोधत होते आणि दार होते पायाशी. नुकतेच मेलेले उंदीर उचलणारे आजारी पडतात, हेही त्यांनी टिपले होते. संशय उंदरावरच्या पिसवांवर गेला.

जून १८९८ मध्ये कराचीत त्यांनी काचेच्या मोठ्या बरणीत पिसवांनी भरलेला आजारी उंदीर ठेवला, आणि वर जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा स्पर्श शक्य नव्हता. काही दिवसांत वरचाही प्लेगने मेला. पिसवा नसताना हाच प्रयोग केला, तेव्हा निरोगी उंदीर निरोगीच राहिला.

इतका साधा पुरावा; तरी तज्ज्ञांनी बरीच वर्षे मानला नाही. तोवर माणसे मरतच होती. अखेर १९०५ पासून प्लेग कमिशनने परळ येथे प्रयोग केले. जमिनीपासून दोन इंचांवर ठेवलेल्या पिंजऱ्यातल्या गिनीपिगांना प्लेग झाला, दोन फुटांवर टांगलेले वाचले. पिसवेची उडी तेवढी उंच जात नव्हती.