स्केअर्ड प्रश्नावली

८ ते १८ वर्षांच्या मुलामुलींमधील चिंताविकारांच्या चाळणीसाठी वापरली जाणारी प्रश्नावली. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून ‘घाबरलेला’ या अर्थाचा शब्द तयार होतो. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठातले बालमानसोपचारतज्ज्ञ बोरिस बर्माहर आणि सहकाऱ्यांनी ती १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. मूळच्या ३८ विधानांतून चारचौघांत वाटणारी भीती इतर चिंतांपासून नीट वेगळी निघत नव्हती. म्हणून १९९९ मध्ये ती ४१ करण्यात आली.

मूल आणि पालक वेगवेगळा कागद भरतात. गेल्या तीन महिन्यांचा विचार करून प्रत्येक विधानाला ०, १ किंवा २ गुण द्यायचे असतात. ८२ पैकी २५ किंवा अधिक गुण आले, तर चिंताविकाराची शक्यता धरतात. घबराटीचे झटके, सततची काळजी, आईवडिलांपासून दूर होण्याची धास्ती, समाजभय आणि शाळा टाळणे असे पाच गट असून त्यांची बेरीज स्वतंत्रपणेही पाहतात.

शाळेच्या गटात चारच विधाने आहेत आणि तीन गुण पुरेसे ठरतात. शाळेत पोट दुखते, या विधानाला दोन आणि डोके दुखते, याला एक गुण दिला की झाले. ‘भीती वाटते’ असे त्या मुलाने कुठेच कबूल केलेले नसते. रोज सकाळी दप्तर भरताना पोट धरून बसणाऱ्या मुलाला घरात ‘नाटकं करू नकोस’ असे ऐकावे लागते. त्याचे दुखणे इथे गंभीरपणे मोजले जाते. या प्रश्नावलीचे खरे मोल यातच आहे.

दोन कागदांच्या बेरजा पुष्कळदा जुळत नाहीत. अशा वेळी मुलाचा कागद खोटा ठरवणे चूक आहे. मनातली काळजी पालकांना बाहेरून दिसतेच असे नाही. ८ ते ११ वर्षांच्या मुलांना विधाने समजावून सांगावीत किंवा मोठ्या माणसाने शेजारी बसावे, अशी सूचना आहे. उत्तर मात्र मुलाचेच हवे.

गुण जास्त आले म्हणजे निदान झाले, असे नव्हे. ते तज्ज्ञाने मुलाशी आणि घरच्यांशी सविस्तर बोलूनच होते. अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवांच्या कृतिदलाने ऑक्टोबर २०२२ मध्ये ८ ते १८ वयोगटाच्या चाळणीची शिफारस केली. ७ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी पुरावा अपुरा ठरवला. पुढे मदत मिळणार नसेल, तर चाळणी करून मुलाच्या पदरात काहीच पडत नाही. भारतात टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते. तिथे मराठीतही बोलता येते.