गिरणीतला मुक्काम

बंद गिरणीचे काय करावे, या प्रश्नाला आपल्याकडे बहुधा एकच उत्तर मिळते: पाडा आणि जमीन विका. म्हणूनच स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनर्कची हकीगत मला मोलाची वाटते.

क्लाइड नदीच्या धबधब्यांखाली डेव्हिड डेल आणि रिचर्ड आर्कराइट यांनी 1785 मध्ये ही सूतगिरणी उभारायला घेतली. वाफ नव्हे, पाणी हेच तिचे बळ. आम्हा बेळगावकडच्या माणसांना हे वेगळे समजावून सांगायला नको; घटप्रभेकाठची गोकाकची गिरणीही धबधब्याच्याच भरवशावर बसली. पहिली इमारत 1788 मध्ये जळाली, पुढच्याच वर्षी पुन्हा उभी राहिली. 1800 पासून डेलचा जावई रॉबर्ट ओवेन कारभार पाहू लागला. त्याने दहा वर्षांखालच्या मुलांना कामावर घेणे थांबवले, 1816 मध्ये शाळा काढली. समाजवादाच्या इतिहासात त्याचे नाव गाजले त्याची सुरुवात याच गावात.

1968 मध्ये गिरणी थांबली. मग काही वर्षे तिथे भंगारातून धातू काढण्याचा धंदा चालला. 1974 मध्ये स्थापन झालेल्या न्यासाने हळूहळू एकेक इमारत सावरली. पहिल्या गिरणीचे वरचे मजले 1945 मध्ये उतरवले होते. ते पुन्हा चढवून 1998 मध्ये तिथे हॉटेल सुरू झाले. धाग्यावर उजेड पडावा म्हणून ठेवलेल्या खिडक्यांतून आता पाहुणे नदी न्याहाळतात. 2001 मध्ये युनेस्कोने गावाला जागतिक वारसा ठरवले.

हे सारे चांगलेच झाले. पण गिरणीत मुक्काम ही इथली नवी गोष्ट नव्हे. डेलच्या काळात एडिंबरा-ग्लासगोची अनाथ, दरिद्री मुले इथे आणली जात. 1796 च्या सुमारास ती 500 च्या घरात होती. त्यांतल्या कित्येकांची निजण्याची जागा म्हणजे चौथी गिरणी. एका खाटेवर तिघे, खाली गवताची गादी. सकाळी सहा ते संध्याकाळी सात काम. मध्ये न्याहारीला अर्धा तास, जेवणाला एक तास. आणि एवढे झाल्यावर शाळा! तरी डेल दयाळू मालक गणला जाई, आणि इतरत्र चाललेले हाल पाहता तो होताही.

पाहुण्यांची गिरणी पहिली. मुलांची चौथी 1883 मध्ये जळाली, ती पुन्हा बांधली गेली नाही. तिच्या जागी आज दुसरीकडून आणून बसवलेले एक पाणचक्र आहे.