चुन्याची डबी, सिगारेट आणि व्हेप : व्यसन मोजायचे कशाने?

१/
व्हेपमधल्या निकोटिनचे व्यसन सिगारेटइतकेच जडते का? नांदेड आणि लातूर ही शिकवणी वर्गांची शहरे. बाहेरगावची असंख्य मुले येथे वसतिगृहांत राहून वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करतात. त्यांच्यासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. उत्तरे मात्र बहुधा दोनच ऐकू येतात : ‘ती नुसती वाफ आहे’, किंवा ‘ते सिगारेटपेक्षाही भयंकर आहे’. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही दोन्ही उत्तरे जुनी, ओळखीची वाटतात. या थ्रेडमध्ये चारशे वर्षे मागे जाऊन आपण उत्तराकडे येऊ.

२/
लातूरहून दक्षिणेला निघून सोलापूर ओलांडले की विजापूर येते. १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग आदिलशाही दरबारात गेला आणि तेथे त्याने तंबाखू पाहिली. पोर्तुगीजांनी आणलेले हे अमेरिकी पान तोवर दख्खनमध्ये रुजले होते; उत्तरेत मात्र त्याला ते कुठेच दिसले नव्हते. त्याने ते सोबत घेतले आणि रत्नजडित नळीसह आग्र्याला बादशहापुढे ठेवले. उत्तर हिंदुस्थानातील तंबाखूच्या इतिहासाची ही सर्वांत प्रसिद्ध नोंद. तिचा उगम दख्खनचा आहे.

३/
अकबराने दोन-चार झुरके घेतले. दरबारी हकिमाने त्याला थांबवले. आपल्या ग्रंथांत या पानाचा उल्लेख नाही, ते पारखलेले नाही, असा त्याचा आक्षेप होता. असद बेगचा प्रतिवाद असा की, जगातली प्रत्येक चाल कधीतरी नवीच होती. बादशहाने ती सवय लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र लावून घेतली, आणि लवकरच व्यापारी तंबाखू विकू लागले. ‘न पारखलेले’ आणि ‘नवे म्हणून वाईट नव्हे’ हे दोन्ही युक्तिवाद आज व्हेपबद्दल जसेच्या तसे ऐकायला मिळतात.

४/
जहांगीरने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली. त्याच्या आत्मचरित्रात याच संदर्भात एक लक्षणीय नोंद आहे. इराणच्या शाह अब्बासनेही तंबाखूला मनाई केली होती. पण जहांगीरचा तेथील वकील खान आलम याला तंबाखूवाचून क्षणभरही राहवत नसे. हे शाहच्या कानावर घातले गेले आणि खान आलमला सवलत मिळाली. ज्याला आपण मराठीत ‘तलफ’ म्हणतो, तिची ही सतराव्या शतकातली नोंद. दोन सम्राटांची बंदी एका वकिलाच्या तलफेपुढे वाकली.

५/
याच काळातली एक दंतकथा हुक्क्याची आहे. अकबराचा हकीम अबुल फतह गिलानी याने धूर पाण्यातून गाळून निर्दोष करण्याची युक्ती काढली, असे सांगतात. कालक्रमात ही कथा बसत नाही. गिलानी १५८९ मध्येच वारला होता. परंतु कथेमागची कल्पना खरी होती : पाण्यातून गेलेला धूर शुद्ध होतो, असे लोक मानत. प्रत्यक्षात पाण्याने धूर थंड आणि मऊ होतो. निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड बऱ्याच अंशी पार होऊन येतात. ‘गाळलेले म्हणजे निर्धोक’ हा तंबाखूच्या इतिहासातला फार जुना दिलासा.

६/
आता नांदेड. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी येथेच देह ठेवला आणि हे शहर शीख परंपरेतले एक प्रमुख तख्त झाले. खालसा आचारसंहितेत तंबाखू हे चार मोठ्या कुरहितांपैकी, म्हणजे निषिद्ध गोष्टींपैकी, एक. इतिहासाच्या दृष्टीने या नियमाची रचना पाहण्याजोगी आहे. तो हुक्का, चिलीम वा विडी अशा साधनावर घातलेला नाही; तो थेट तंबाखू या पदार्थावर आहे. राज्यसंस्थेचे नियम पुष्कळदा याच्या उलट, एका विशिष्ट वस्तूचे नाव घेऊन येतात. त्याचा परिणाम पुढे दिसेल.

७/
मराठवाड्याच्या ग्रामीण भागात मात्र तंबाखूचे घर धुरात नव्हते, तळहातावर होते. चंचीतून चिमूटभर तंबाखू काढायची, नखाने चुना लावायचा, अंगठ्याने मळायची, झटकायची आणि ओठाखाली ठेवायची. हा चुना कशासाठी? चवीसाठी, असे बहुतेक जण सांगतील. खरे कारण रसायनशास्त्रात आहे. निकोटिन हा सौम्य अल्कली पदार्थ. चुन्याने मिश्रण अधिक अल्कधर्मी झाले की निकोटिन मुक्त रूपात येते आणि तोंडाच्या त्वचेतून झपाट्याने रक्तात उतरते. शेतकऱ्याच्या हाताला हे ठाऊक होते; प्रयोगशाळेला निकोटिन १८२८ मध्ये सापडले.

८/
त्या वर्षी हायडेलबर्ग येथे पॉसेल्ट आणि रायमान यांनी ते तंबाखूपासून वेगळे केले. मग कळीचा प्रश्न बदलला : हे रसायन मेंदूपर्यंत किती वेगाने पोचते? व्यसनाचे बळ पदार्थाच्या मात्रेवर अवलंबून असते, तितकेच त्याच्या वेगावरही. ओठाखालच्या तंबाखूतले निकोटिन रक्तात चढायला काही मिनिटे लागतात. फुप्फुसात गेलेला धूर मात्र दहा ते वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचवतो. झुरका आणि बक्षीस यांतले अंतर जितके कमी, तितकी मेंदूची शिकवण पक्की.

९/
अडचण अशी होती की जुन्या पद्धतीने वाळवलेल्या तंबाखूचा धूर जहाल असे; तो छातीत ओढणे कठीण. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बंद कोठारात नळ्यांतून उष्णता खेळवून पान वाळवण्याची पद्धत रुळली. या पानात साखर टिकते, धूर किंचित आम्लधर्मी होतो आणि घशाला बोचत नाही. तो खोल ओढता येऊ लागला. त्यातच जेम्स बॉनसॅकच्या यंत्राने दहा तासांत सुमारे १,२०,००० सिगारेटी वळल्या जाऊ लागल्या. सौम्य धूर आणि स्वस्त नग यांच्या जोडीतून आधुनिक सिगारेट जन्मली. ती अधिक व्यसनी ठरली, कारण ती अधिक सौम्य होती.

१०/
आपल्याकडे ती निजामाच्या राज्यातून आली. १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड रेल्वेमार्गाने नांदेड जोडले गेले. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली. हैदराबादेत वझीर सुलतान टोबॅको कंपनी १९३० मध्ये स्थापन झाली आणि तिची ‘चारमिनार’ घराघरांत माहीत झाली. शेजारच्या निजामाबादेत विडी वळण्याचा धंदा वाढला. राज्याच्या राजधानीची खूण सिगारेटच्या पाकिटावर छापलेली होती. तंबाखूचे साधन प्रतिष्ठेचे चिन्ह कसे होते, याचे हे जवळचे उदाहरण.

११/
ही ‘सवय’ की ‘व्यसन’? हा वाद केवळ मराठी शब्दांचा नाही. १९६४ च्या अमेरिकी सर्जन जनरलच्या प्रसिद्ध अहवालाने धूम्रपानाला कर्करोगाचे कारण ठरवले, पण त्याला व्यसन न म्हणता सवयच म्हटले. त्याआधीच, १९६३ मध्ये, ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोच्या अमेरिकी उपकंपनीतील एका अंतर्गत टिपणात निकोटिन हे व्यसन लावणारे द्रव्य असल्याचे आणि आपला धंदा त्याच्याच विक्रीचा असल्याचे मान्य केलेले होते. ‘चारमिनार’च्या कंपनीतही याच समूहाचा मोठा भागभांडवली वाटा आहे.

१२/
सर्जन जनरलच्या अहवालात निकोटिनला व्यसनकारक म्हणायला १९८८ उजाडले. १९९४ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर सात तंबाखू कंपन्यांच्या प्रमुखांनी शपथेवर, निकोटिन व्यसन लावते असे आपल्याला वाटत नाही, असे सांगितले. दरम्यान फिल्टर आणि ‘लाइट’ सिगारेटी आल्या. लोकांनी त्या अधिक खोल आणि अधिक वेळा ओढल्या, कारण शरीर आपली नेहमीची मात्रा वसूल करून घेते. हुक्क्याच्या पाण्याने दिलेला दिलासा आता फिल्टरने दिला.

१३/
२००३ मध्ये चीनमधील औषधशास्त्रज्ञ होन लिक याने आजच्या ई-सिगारेटचा पूर्वज बनवला. तो स्वतः धूम्रपान करणारा होता. यात तंबाखू जळत नाही. निकोटिन मिसळलेला द्रव तापवून त्याचे बारीक तुषार केले जातात. सुरुवातीच्या यंत्रांतून निकोटिन थोडे आणि सावकाश मिळे. मात्रा वाढवली तर मुक्त निकोटिन घशाला झोंबे. त्या पिढीच्या व्हेपचे व्यसन सिगारेटपेक्षा सौम्य आढळले, यात नवल नाही. ‘नुसती वाफ’ ही समजूत बहुधा त्याच काळाची.

१४/
२०१५ मध्ये अमेरिकेत ‘जूल’ आले. स्टॅनफर्डमध्ये शिकलेल्या दोन तरुणांनी ते घडवले. त्यातली कल्पक गोष्ट बेन्झोइक आम्लाची. आम्ल मिसळले की निकोटिनचा क्षार तयार होतो, झोंबणे कमी होते आणि प्रति मिलिलिटर ५९ मिलिग्रॅम इतके तीव्र द्रावणही सहज ओढता येते. युरोपीय संघात ही मर्यादा २० आहे. पोस्ट ९ आठवा : भट्टीत वाळवलेल्या पानाने एकोणिसाव्या शतकात जे साधले, तेच बेन्झोइक आम्लाने एकविसाव्या शतकात साधले. २०१९ पर्यंत अमेरिकेतील नववी ते बारावीच्या २७.५ टक्के विद्यार्थ्यांनी आदल्या महिन्याभरात व्हेप वापरल्याचे सर्वेक्षणात सांगितले.

१५/
तर मूळ प्रश्नाचे उत्तर. केवळ व्हेप वापरणारे लोक, सरासरीने, सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा कमी अवलंबित असल्याचे अनेक अभ्यासांत दिसते. सिगारेटच्या धुरातले इतर काही घटकही निकोटिनची पकड वाढवतात. परंतु क्षारयुक्त नव्या यंत्रांनी हे अंतर बरेच कमी केले आहे. त्यांतून रक्तात चढणारे निकोटिन सिगारेटच्या जवळ जाते. शिवाय सिगारेट पाच-सात मिनिटांत विझते. व्हेप विझत नाही, वासही फारसा राहत नाही, म्हणून अभ्यासाच्या टेबलाशीही झुरके सुरूच राहू शकतात. किशोरवयीन मेंदू अजून घडत असतो. त्याच्यावर ही पकड लवकर बसते.

१६/
येथे एक भेद जपला पाहिजे : व्यसन वेगळे, हानी वेगळी. व्हेपमध्ये ज्वलन नसल्याने डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ टळतात. वर्षानुवर्षे सिगारेट ओढणारा माणूस पूर्णपणे व्हेपकडे वळला, तर त्याची हानी घटते. कॉक्रेनच्या पुनरावलोकनात सिगारेट सोडण्यासाठी निकोटिनयुक्त व्हेप हे पट्ट्या-गोळ्यांपेक्षा अधिक उपयोगी आढळले. पण ज्या मुलाने कधीच तंबाखू घेतली नाही, त्याच्यापुढे ही तुलनाच उभी राहत नाही. तो सिगारेटवरून व्हेपवर येत नाही. शून्यावरून निकोटिनवर येतो.

१७/
आपल्या भागात तर तुलनाच थोडी निराळी हवी. २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, आणि धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे बहुतेक घरांत तंबाखूची ओळख सिगारेटने होत नाही. चुना, खर्रा, मिश्री यांनी होते. ‘मी सिगारेट ओढत नाही’ या वाक्यात महाराष्ट्रातले बहुसंख्य तंबाखूसेवक सुरक्षित लपतात. व्हेपही त्याच वाक्याच्या आडोशाला येऊन उभे राहिले आहे.

१८/
कायद्यांचे काय? महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली. लगेच पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत विकली जाऊ लागली. ग्राहक दोन्ही हातावर एकत्र करतो. केंद्राने सप्टेंबर २०१९ पासून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तरी चोरट्या मार्गाने माल येतो, आणि अशा मालात निकोटिन किती याची खात्री कोणीच देत नाही. वस्तूचे नाव घेऊन घातलेली बंदी पुढच्या वस्तूला वाट मोकळी ठेवते. सिगारेट मात्र या सर्व काळात कायदेशीर राहिली.

१९/
त्या पुढच्या वस्तूचे नावही आता माहीत आहे : निकोटिन पाउच. ओठाखाली ठेवायची पांढरी, तंबाखूविरहित पुडी. तोंडातून निकोटिन चांगले शोषले जावे म्हणून ती अल्कधर्मी केलेली असते. पोस्ट ७ मधला चुनाच हा, फक्त देखण्या डबीत.

२०/
म्हणून कोणतेही नवे साधन हाती आले तर ते सिगारेट आहे की नाही, एवढ्यावर थांबू नये. चार गोष्टी विचाराव्यात : निकोटिन किती आहे, ते किती वेगाने मेंदूत पोचते, घशाला किती सौम्य केले आहे, आणि ते आपोआप संपते का. या चार प्रश्नांवर नवा व्हेप सिगारेटच्या अगदी शेजारी बसतो. शेवटच्या प्रश्नावर तर पुढेही जातो. तलफ आधीच जडली असेल, तर तो चारित्र्याचा दोष नाही. दोन सम्राटांच्या मनाईनंतरही खान आलमला ती सुटली नव्हती. त्याच्याकडे मदतवाहिनी नव्हती. आपल्याकडे आहे : राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनी, १८००-११-२३५६, निःशुल्क.