घरच्या घरी स्पीकर बनवायचा, तर खोक्याचं माप ठरतं कसं?

जुना स्पीकर कधी उघडून बघितलाय? आत फारसं काही सापडत नाही. मागे लोहचुंबक, त्यात बसलेली तांब्याच्या तारेची कॉइल, पुढे कागदाचा कोन, दोन-चार छोटे पार्ट्स, थोडा कापूस आणि बाकी सगळं रिकामं खोकं. हे बघून अनेकांना वाटतं, ‘अरे, हे तर घरीही जमेल!’

आणि ते खरंच जमतं. स्पीकर स्वतः डिझाइन करून, लाकूड कापून, वायरी जोडून घरी वाजवणारे हौशी लोक अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलियापासून भारतापर्यंत सगळीकडे आहेत. पण यात एक गंमत आहे. नवखा माणूस सगळं लक्ष देतो तो महागडा वूफर निवडण्याकडे. आणि काम बिघडतं ते बहुतेकदा त्या रिकाम्या खोक्यामुळे.

मुळात खोकं हवंच कशाला?

बाजारातून सुटा वूफर आणून तो तसाच टेबलावर ठेवून वाजवला, तर आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतो. ढोलकी, तबल्याचा डग्गा, बेस गिटार जणू गायबच होतात.

कारण साधं आहे. कोन पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच वेळी मागची हवा विरळ होते. म्हणजे पुढे आणि मागे एकाच वेळी दोन उलट लहरी तयार होतात. ५० हर्ट्झच्या खोल आवाजाची एक लहर जवळपास ७ मीटर लांब असते. एवढ्या लांब लहरीला वूफरला वळसा घालून मागून पुढे यायला काहीच अडचण येत नाही. दोन उलट लहरी भेटतात आणि एकमेकींना खोडून टाकतात. याउलट १०,००० हर्ट्झच्या आवाजाची लहर जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची असते, ती सरळ समोर जाते. म्हणून बारीक आवाज टिकतो आणि बेस मरतो.

खोक्याचं पहिलं काम म्हणजे मागची लहर पुढे येऊ न देणं.

गादीच्या कापडाने केलेली क्रांती

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला चांगला बेस हवा असेल तर अवाढव्य खोकं लागायचं. काही हौशी लोक तर वूफर सरळ भिंतीत किंवा कपाटाच्या दारात बसवायचे, म्हणजे मागची अख्खी खोली किंवा कपाट हेच त्याचं खोकं!

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात वुडस्टॉक नावाचं गाव आहे. तिथे राहणाऱ्या एडगर विलचर यांनी हा प्रश्न उलट्या बाजूने धरला. कोनाला मागे-पुढे झाल्यावर जागेवर आणण्यासाठी त्याच्या कडेला ताठ पट्टी असायची, ती स्प्रिंगसारखं काम करायची. विलचर यांचं म्हणणं असं, की ही पट्टी एकदम सैल करा आणि खोकं लहान व हवाबंद ठेवा. मग आत कोंडलेली हवाच स्प्रिंगचं काम करेल. कापडा-कागदाच्या स्प्रिंगपेक्षा हवेची स्प्रिंग जास्त एकसारखी वागते, त्यामुळे आवाजातली फाटाफूटही कमी होते.

आता एवढी सैल पट्टी आणायची कुठून? विलचर यांच्या पत्नी रोझमेरी यांनी गादीच्या खोळीचं कापड घेऊन ती घरीच शिवली. पुढे हेन्री क्लॉस यांच्यासोबत विलचर यांनी अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली आणि १९५४ साली ‘एआर-१’ हा स्पीकर बाजारात आला. कपाटाएवढ्या खोक्याचा बेस त्यांनी शेल्फवर मावणाऱ्या पेटीत आणला होता.

अंदाजाची जागा तीन आकड्यांनी घेतली

तरीही एक प्रश्न उरलाच. अमुक वूफरला नेमकं केवढं खोकं? त्या काळी बरंचसं काम अनुभव, अंदाज आणि पुन्हा पुन्हा करवत चालवण्यावरच व्हायचं.

याचं उत्तर ऑस्ट्रेलियातून आलं. १९६१ साली नेव्हिल थील या इंजिनिअरने एक शोधनिबंध लिहिला. स्पीकर आणि खोकं मिळून इलेक्ट्रॉनिक फिल्टरसारखं वागतात, मग फिल्टरचं तयार गणितच इथे लावता येईल, असं त्यात दाखवलं होतं. बाहेरच्या जगाने त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. १९७१ मध्ये तो अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात पुन्हा छापला गेला. लगोलग सिडनी विद्यापीठात संशोधन करणाऱ्या रिचर्ड स्मॉल यांनी हे गणित आणखी पुढे नेलं. आज वूफरच्या माहितीपत्रकावर जे आकडे छापलेले असतात, त्यांना या दोघांच्या नावावरून ‘थील-स्मॉल पॅरामीटर्स’ म्हणतात.

त्यातले तीन आकडे हौशी माणसाने ओळखायलाच हवेत.

१. एफएस : वूफर मोकळा धरून त्यावर टिचकी मारली, तर तो ज्या स्वरात नैसर्गिकपणे थरथरतो ती फ्रिक्वेन्सी.

२. क्यूटीएस : थरथरणारा कोन किती लवकर शांत होतो याचं माप. आकडा लहान म्हणजे ब्रेक चांगला, आकडा मोठा म्हणजे कोन जास्त वेळ डुलत राहतो.

३. व्हीएएस : कोनाच्या पट्टीत जेवढी लवचीकता आहे, तेवढीच लवचीकता किती लिटर कोंडलेल्या हवेत असते, त्याचा आकडा.

हवेला लिटरमध्ये मोजलं आणि स्प्रिंगला हवेत मोजलं, की दोघांची बेरीज करता येते. सगळी किमया इथेच आहे.

१४ लिटरचं उदाहरण

समजा, साडेसहा इंची वूफर आहे. एफएस ४० हर्ट्झ, क्यूटीएस ०.४ आणि व्हीएएस ३० लिटर. तो हवाबंद खोक्यात बसवला की हवेची स्प्रिंग वाढते, म्हणून एफएस आणि क्यूटीएस दोन्ही एकाच पटीत वर चढतात. ती पट काढायची रीत अशी : व्हीएएसला खोक्याच्या लिटरने भागा, त्यात १ मिळवा आणि वर्गमूळ काढा.

बसवल्यानंतरचा क्यू ०.७ च्या आसपास आला, तर बेस सपाट आणि नीटस राहतो. आपल्या वूफरसाठी हे साधतं सुमारे १४ लिटरच्या खोक्यात. तिथे नैसर्गिक फ्रिक्वेन्सी ४० वरून ७१ हर्ट्झवर जाते. आतून १८ × २२ × ३६ सेंटिमीटर मापाची पेटी घेतली की साधारण तेवढी जागा मिळते.

तोच वूफर ५ लिटरच्या डब्यात कोंबला तर? क्यू १.०६ वर जातो आणि फ्रिक्वेन्सी १०६ हर्ट्झवर. खोल बेस जातो आणि वरच्या बेसमध्ये फुगवटा येतो. यालाच लोक ‘आवाज घुमतोय’ म्हणतात.

आता खरी मेख बघा. जुन्या पेटीतला वूफर जळाला म्हणून बरेच जण त्याच मापाचा दुसरा आणून बसवतात. भोकात तो अगदी फिट बसतो. पण नव्या वूफरचा क्यूटीएस ०.४ ऐवजी ०.६ असेल, तर त्याच १४ लिटरमध्ये क्यू पुन्हा १.०६ होतो. इंच तेच, पेटी तीच, पण आवाज वेगळा! दुकानदाराला ‘साडेसहा इंची द्या’ एवढंच सांगून भागत नाही, ते यामुळे.

पाइपवाली पेटी

काही स्पीकरना पुढे किंवा मागे गोल भोक आणि आत पाइप असतो. ते फक्त हवा खेळण्यासाठी नसतं. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ‘हूं’ असा एक ठरावीक स्वर निघतो, त्याच तत्त्वावर हा पाइप चालतो. बेल लॅब्समधल्या अल्बर्ट थुरास यांना या कल्पनेचं पेटंट १९३२ साली मिळालं. पाइपची लांबी-रुंदी नीट ठरवली, तर मागची लहर वाया न जाता खोल बेसला मदत करते.

पाइप लांब केला की सूर खाली जातो, जाड केला की वर. चूक झाली तर हवाबंद पेटीपेक्षा इथे जास्त नुकसान होतं, कारण ठरवलेल्या सुराच्या खाली हवेचा आधारच सुटतो आणि कोन प्रमाणाबाहेर हलू लागतो. पहिल्यांदा करणाऱ्याला हवाबंद पेटीच सुचवतात, त्यामागे हेच कारण आहे.

वूफर आणि ट्वीटरमधली वाटणी

वूफर जाड आवाज काढतो, ट्वीटर बारीक. कोणता आवाज कुणाकडे जायचा हे ठरवणाऱ्या सर्किटला क्रॉसओव्हर म्हणतात. पुस्तकी गणितानुसार ८ ओहमच्या ट्वीटरसाठी ३,००० हर्ट्झच्या खालचा आवाज अडवायला सुमारे ६.६ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लागतो.

पण ८ ओहम हा फक्त छापील आकडा. प्रत्यक्षात रोध दर फ्रिक्वेन्सीला बदलतो, वूफरचा तर काही ठिकाणी ३० ओहमच्याही वर जातो. त्यामुळे दुकानात मिळणारा ‘रेडिमेड टू-वे क्रॉसओव्हर’ कुठल्याही जोडीला नीट लागू पडेल याची खात्री नसते. प्रत्येक जोडीसाठी तो वेगळा आखावा लागतो.

या कामात सीगफ्रीड लिंकविट्झ यांचं नाव हौशी मंडळी आदराने घेतात. ते ह्यूलेट-पॅकार्डमध्ये मोजमापाच्या उपकरणांवर काम करायचे, स्पीकर ही त्यांची हौस. १९७६ मध्ये त्यांनी सहकारी रस रायली यांच्यासोबत विकसित केलेली क्रॉसओव्हरची रचना मांडली. दोन्ही स्पीकर जिथे हातमिळवणी करतात, तिथे आवाज फुगत नाही आणि खड्डाही पडत नाही, हे तिचं वैशिष्ट्य. ‘लिंकविट्झ-रायली’ क्रॉसओव्हर आज व्यावसायिक साउंड सिस्टिममध्येही सर्रास वापरतात.

आणखी एक गोष्ट नवख्यांना चकवते. बारीक आवाज पेटीच्या पुढच्या फळीवरून फक्त समोर फेकला जातो, जाड आवाज मात्र पेटीला वळसा घालून सगळीकडे पसरतो. त्यामुळे २१-२२ सेंटिमीटर रुंद पेटीत साधारण ५०० हर्ट्झच्या आसपासपासून खाली आवाज हळूहळू पातळ होत जातो. मोकळ्या जागेत हा फरक ६ डेसिबलपर्यंत पोचतो. क्रॉसओव्हर आखताना याची भरपाई केली नाही, तर गाणं टोचरं लागतं.

लाकूड, फेविकॉल आणि धूळ

पेटी जड आणि ताठ हवी, कारण भिंती थरथरल्या की त्यांचाही आवाज गाण्यात मिसळतो. १८ मिलिमीटरचा एमडीएफ किंवा चांगला प्लायवूड चालतो. एमडीएफ कापायला सोपा, पण पाणी लागलं की फुगतो, म्हणून आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याच्या कडा नीट सील कराव्या लागतात. त्याची धूळ फार बारीक असते, कापताना मास्क हवाच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सांधे हवाबंद हवेत. सुतार मापात कापून देतो, पण ‘इथून हवासुद्धा जाता कामा नये’ हे त्याला आधीच सांगावं लागतं. कपड्यांच्या कपाटाला ही अट कधी नसते!

कान पुरेसे का नाहीत?

स्वतः बनवलेला स्पीकर बनवणाऱ्याला छानच वाटतो. शिवाय कान दोन दिवसांत कुठल्याही आवाजाला सरावतात. म्हणून जाणकार मोजमाप करतात. कॅलिब्रेट केलेला माइक, लॅपटॉप आणि ‘रूम ईक्यू विझार्ड’सारखं मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर घरच्या घरी स्पीकरचा आलेख काढता येतो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत वूफर घेतला आणि त्यासोबत माहितीपत्रक मिळालं नाही, तरी अडत नाही. एक रेझिस्टर, ॲम्प्लिफायर आणि कॉम्प्युटरचं साउंड कार्ड वापरून थील-स्मॉलचे आकडे घरी मोजता येतात. पेटी कापायच्या आधी हे केलं, तर लाकूड वाया जात नाही.

मग पैसे वाचतात का?

एकच जोडी बनवायची असेल, तर बहुतेकदा नाही. कंपनी हजारोंच्या संख्येने पार्ट्स घेते, हौशी माणूस दोन घेतो. हत्यारं, माइक, फसलेली पहिली पेटी हा खर्च वेगळाच.

त्यामुळे सुरुवात करताना एखाद्या जाणकाराने मोजून-तपासून दिलेला आराखडा घ्यावा आणि त्यात सांगितलेलेच वूफर, ट्वीटर आणि क्रॉसओव्हरचे पार्ट्स वापरावेत. ‘हा नाही मिळाला, त्याच्यासारखा दुसरा टाकू’ असं केलं की तो आराखडा मोडलाच म्हणून समजा. साध्या स्पीकरच्या पेटीत घरची वीज येत नाही, पण आत ॲम्प्लिफायर बसवायचा असेल तर २३० व्होल्टशी गाठ असते. ते काम माहीतगारावरच सोपवावं.

आणि पेटी बिघडली तरी फार वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. वूफर तोच राहतो, आकडे तेच राहतात. नवी फळी आणायची, यावेळी लिटर आधी मोजायचे आणि मगच करवत हातात घ्यायची.