कुबेराघरचा अनुवादक : चिंतामणराव देशमुख

मेघदूताच्या मराठी अनुवादांची परंपरा शिकवताना कृष्णशास्त्री चिपळूणकर, कुसुमाग्रज, बा. भ. बोरकर, शान्ता शेळके ही नावे आपण सहजपणे घेतो. याच यादीत चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे नाव आले, की वर्गात कुजबुज होते. ‘रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, तेच का हे?’ या प्रश्नात आदर असतो, आणि आश्चर्यही. अर्थकारण आणि काव्य या दोन वेगळ्या वस्त्या आहेत, हे गृहीतक त्या आश्चर्यामागे दडलेले असते. ते जितके विद्यार्थ्यांचे, तितकेच आम्हा अध्यापकांचेही आहे; म्हणून ते तपासून पाहावे असे आम्हाला वाटते.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते या गावी झाला. १९१२ साली मॅट्रिकला ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतसाठीच्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी ठरले. केंब्रिजमध्ये त्यांनी निसर्गविज्ञान घेतले व वनस्पतिशास्त्रात पारितोषिक मिळवले. १९१८ च्या आय.सी.एस. परीक्षेतही ते पहिले होते. पुढे मध्य प्रांत व वऱ्हाडातील प्रशासन, १९३१ साली लंडनच्या दुसऱ्या गोलमेज परिषदेचे सचिवपदाचे काम, आणि १९३९ मध्ये रिझर्व्ह बँक. १९४३ च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर झालेल्या या गृहस्थांचे विद्यापीठीय शिक्षण अर्थशास्त्राचे नव्हते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वूड्स येथे ४४ राष्ट्रांची परिषद भरली. तेथूनच आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा उगम झाला. भारत तेव्हा परतंत्र होता आणि शिष्टमंडळाचे नेते जेरेमी रेझमन होते. परंतु देशमुख, षण्मुखम चेट्टी, ए. डी. श्रॉफ ही मंडळी त्यात होती. नाणेनिधीच्या उद्दिष्टांत अविकसित देशांच्या साधनसंपत्तीच्या विकासाचा उल्लेख असावा, आणि युद्धकाळात ब्रिटनकडे साचलेल्या भारताच्या स्टर्लिंग शिलकीचा विचार व्हावा, असा या शिष्टमंडळाचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही. मात्र हा वाद आकड्यांचा होता तसा शब्दांचाही होता, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे. करारनाम्यातील एखादा शब्द कोणाला आत घेतो आणि कोणाला दाराबाहेर ठेवतो, हे ओळखण्यासाठी अर्थ तोलण्याची सवय लागते. संस्कृत श्लोक मराठीत आणू पाहणाऱ्यालाही तीच सवय लागते.

मेघदूत हे या दृष्टीने कठीण काव्य. मंदाक्रांतेची सतरा अक्षरे, चार, सहा आणि सात अक्षरांवर थांबणारी तिची चाल, आणि सामासिक शब्दांत कोंबलेला आशय. मराठी प्रत्ययांना तेथे जागा करून देणे म्हणजे एक हिशेबच असतो. शिवाय या काव्याचा नायक यक्ष हा धनपती कुबेराचा सेवक. दिल्लीतील रिझर्व्ह बँकेच्या दारी रामकिंकर बैज यांची यक्ष-यक्षिणीची शिल्पे उभी आहेत. त्याच बँकेच्या गव्हर्नरपदी राहिलेल्या माणसाने यक्षाची व्यथा मराठीत आणावी, हा योगायोग खरा, पण मोठा बोलका आहे. देशमुखांनी गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत बांधली, स्वतः संस्कृत कविताही लिहिली. प्राचीन भाषेतून आजच्या भाषेत आणि आजच्या विचारातून प्राचीन भाषेत, अशी त्यांची ये-जा दोन्ही दिशांनी होती. हे फावल्या वेळेचे भूषण होते, असे म्हणणे आम्हाला अपुरे वाटते.

कामात चूक झाली म्हणून कुबेराने यक्षाला हद्दपार केले. चिंतामणराव स्वतः होऊन बाहेर पडले. १९५० पासून ते केंद्रीय अर्थमंत्री होते आणि लोकसभेत कुलाब्याचे प्रतिनिधी. मुंबई केंद्रशासित ठेवण्याच्या निर्णयाच्या निषेधार्थ १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. महाराष्ट्राने तो राजीनामा मनात जपला. परंतु त्यानंतरचे देशमुख आपण फारसे आठवत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद, दिल्लीतील इंडिया इंटरनॅशनल सेंटरची उभारणी ही सारी कामे त्यानंतरची. ज्या आयोगाच्या वेतनश्रेणीवर आम्हा अध्यापकांची घरे चालतात, त्याच्या आरंभीच्या अध्यक्षांपैकी एक मेघदूताचा अनुवादक होता, याचे स्मरण निदान आम्हाला तरी असावे.

२ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले. मराठी काव्येतिहासात त्यांना पहिल्या रांगेत बसवावे, असा आमचा आग्रह नाही. कुसुमाग्रजांची किंवा शान्ताबाईंची सहजता वेगळीच. आमचे म्हणणे इतकेच, की त्यांच्या अनुवादाची पारख त्यांच्या पदामुळे चढी होऊ नये आणि पदामुळे टाळलीही जाऊ नये. वर्गात एखाद्या श्लोकाचे चार अनुवाद वाचताना त्यांचाही वाचावा, नाव न सांगता. कुजबुज नंतर होऊ द्यावी.