तळटीप : लडाखची शाळा आणि यवतमाळचे ऊन

* मजकुरात आलेली शाळा म्हणजे लेहजवळच्या शे गावातील ड्रुक पद्म कार्पो. ‘थ्री इडियट्स’ (२००९) या चित्रपटामुळे ती घरोघरी पोचली, पण तिचे खरे मोल तिच्या भिंतींत आहे. सुमारे ३,५०० मीटर उंचीवर हिवाळ्यात पारा उणे २० अंशांच्या आसपास उतरतो. ऊन मात्र लख्ख असते. म्हणून वसतिगृहाला दक्षिणेकडे जाड भिंत, तिच्यापुढे काच आणि मध्ये हवेची पोकळी. दिवसा तापलेली भिंत रात्री मुलांच्या खोल्यांत ऊब सोडते. फेलिक्स त्रॉम्ब या फ्रेंच अभियंत्याच्या नावाने ती ओळखली जाते.

यवतमाळमध्ये ही भिंत बांधू नये.

घ्यायची ती विचाराची पद्धत: आधी सूर्य पाहायचा, मग नकाशा काढायचा. इथे मे महिन्यात पारा ४२ अंशांपलीकडे जातो. विदर्भातील शाळा उन्हापायीच उर्वरित राज्यापेक्षा उशिरा उघडतात. जिल्हा कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने जूनमध्ये भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकतो. त्यामुळे छज्जा उत्तरेलाही हवा. सर्वांत जाचक पश्चिमेची भिंत, कारण दुपारनंतरचे तिरपे ऊन छज्ज्याखालून थेट आत शिरते. तिथे वर्गखोली नकोच; जिना, कोठार किंवा खोल ओसरी ठेवावी आणि बाहेर कडुनिंब लावावा. पत्र्याखाली बसणाऱ्या मुलांसाठी छताखालची पोकळी आणि गरम हवेला वरून वाट, एवढे तरी करायलाच हवे. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पाया तिच्या खालच्या घट्ट थरापर्यंत न्यावा.