न्यूसम, ऑझी

(१६ मार्च १९५६– ). अमेरिकन फुटबॉलमधील खेळाडू व संघव्यवस्थापक. जन्म अलाबामा राज्यात. अलाबामा विद्यापीठातून खेळल्यानंतर १९७८ ते १९९० या काळात क्लीव्हलँड ब्राउन्सकडून त्यांनी ६६२ झेल घेतले. मात्र त्यांच्या व्यवस्थापकीय यशाचे श्रेय मैदानावरील कीर्तीपेक्षा निवृत्तीनंतर त्याच संघात केलेल्या उमेदवारीला द्यावे लागते. १९९६ मध्ये संघ बाल्टिमोरला जाऊन ‘रेव्हन्स’ झाला. त्या वर्षीच्या पहिल्याच खेळाडू-निवडीत (ड्राफ्ट) त्यांनी जोनाथन ऑग्डेन (चौथा क्रमांक) व रे लुईस (२६ वा) यांना घेतले. दोघेही पुढे ‘हॉल ऑफ फेम’मध्ये पोहोचले. २००२ मध्ये न्यूसम एनएफएल या व्यावसायिक लीगमधील पहिले कृष्णवर्णीय जनरल मॅनेजर ठरले.

हे यश नशिबाचे होते, असा आक्षेप घेता येईल. २००३ मध्ये निवडलेला क्वार्टरबॅक काइल बोलर अपेक्षेला उतरला नाही, हेही खरे. परंतु २००० व २०१२ या हंगामांत सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकणाऱ्या रेव्हन्सच्या दोन संघांमध्ये एक तपाचे अंतर होते आणि बहुतेक खेळाडू बदललेले होते. इतक्या अंतराने मिळालेले यश निवडीच्या सातत्यपूर्ण पद्धतीचीच साक्ष देते. २०१८ च्या हंगामानंतर त्यांनी पद सोडले. वारसदार एरिक डीकोस्टा याच संघात घडले होते.